खात्यापित्या घरचं पोट

मंडळी, आज जरा कडू लिहितोय. राग आला तर माझ्यावर काढा, पण शेवटपर्यंत वाचा.

आमचे आण्णा, सख्खे चुलते. तालमीतले. तरुणपणी बुधवार पेठेतून गडावर पळत चढायचे. पुढं कुस्ती सुटली, खुराक तेवढा सुटला नाही. चाळिशीत पोट सुटलं आणि गावानं त्याचं कौतुक केलं. "खात्यापित्या घरचा माणूस हाय!"

पंचावन्नाव्या वर्षी संडासवाटे रक्त पडायला लागलं. वर्षभर मूळव्याध म्हणून मलम आणि पुड्या. साधं बोट घालून तपासायची तसदी कुणी घेतली नाही, आणि आण्णांनीही लाजेपोटी विषय वाढवला नाही. मग वजन उतरायला लागलं. सात-आठ महिन्यांत बारा किलो. आम्ही काय म्हणालो? "आण्णा, तब्येत झकास झाली की!" मीसुद्धा म्हणालो. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला तेव्हा तो यकृतापर्यंत पोचला होता.

वाढलेल्या वजनानंच त्यांना कॅन्सर झाला का? एकट्या माणसाबद्दल असं छातीठोक कुणीच सांगू शकत नाही. पण हजारो माणसांचा हिशोब मांडला की चित्र स्पष्ट दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 2016 साली जाहीर केलं की अंगावर जादा चरबी नसेल तर 13 प्रकारच्या कॅन्सरचा धोका कमी होतो. त्यात मोठं आतडं आणि गुदाशय दोन्ही आहेत. 2008 साली 'लॅन्सेट'मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून आलेला आकडा असा : पुरुषाचा बीएमआय 5 अंकांनी वाढला की मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका साधारण 24 टक्क्यांनी वाढतो. साडेपाच फुटी माणसाला 5 अंक म्हणजे सुमारे 14 किलो. आपल्यातल्या किती जणांनी लग्नानंतर तेवढं कमावलंय, मनातल्या मनात मोजा. बायकांमध्ये ही वाढ कमी दिसते, पण नाही असं नाही.

कारण पोटातली चरबी नुसती पडून राहत नाही. ती शरीरात बारीक सूज धुमसत ठेवते, रक्तातलं इन्सुलिन वाढवते. इन्सुलिन वाढलं की पेशींना वाढायचा हुकूम मिळत राहतो, आतड्याच्या अस्तरातल्या पेशींनाही. तिथं छोट्या गाठी धरतात, आणि त्यातल्या काहींचा दहा-पंधरा वर्षांत कॅन्सर होतो.

आता नेहमीची उत्तरं घेऊ.

"आम्ही माळकरी, मटण खात नाही." चांगलंय. लाल मांस कमी खाल्लं तर धोका कमी होतोच. पण माळ घातली म्हणून भजी, फरसाण आणि चार कप गोड चहाची चरबी होत नाही असं नाही. कॅन्सरला माळ दिसत नाही.

"आम्ही गडावरची माणसं, शुद्ध हवा." हवा शुद्ध आहे हो, पण चालतंय कोण? 2025 मध्ये आपला गड युनेस्कोच्या यादीत गेला, आपण छाती फुगवली. आणि तीन दरवाज्यापर्यंत जायलाही गाडीला किक मारतो. पावनखिंडीची मोहीम वर्षातनं एकदा. बाकी 363 दिवस?

"बारीक माणसालाही होतो की." होतो. 'ब्लॅक पँथर'मधला चॅडविक बोसमन 2020 मध्ये 43 व्या वर्षी याच रोगानं गेला, आणि तो पडद्यावर लढवय्या शोभेल असा होता. म्हणून तर सांगतोय, रक्त पडलं तर जाडा असो की बारीक, मूळव्याध गृहीत धरू नका. पण हेल्मेट घालूनही माणसं मरतात म्हणून हेल्मेट फेकून देतो का आपण?

आता खरा राग. नेत्याचा वाढदिवस आला की आरोग्य शिबिर. बीपी, शुगर, चष्मे, फोटो, शेवटी जिलेबी! एक टेप घेऊन कंबर मोजायला काय खर्च येतो? आपल्या लोकांसाठी मर्यादा ठरलेली आहे : पुरुष 90 सेंटीमीटर, बाई 80. आशाताई तिशीवरच्या माणसांचा जो कागद भरतात त्यात कंबरेचा घेर विचारलेला आहे. पण तो आकडा लिहून झाल्यावर पुढं काय? सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख असे तीनच कॅन्सर आहेत. आतड्याचा नाही. कारण काय, तर आपल्याकडं प्रमाण कमी. 2022 मध्ये देशात सुमारे 70 हजार नवे रुग्ण, हे कमी?

सगळ्यांची दुर्बिणीनं तपासणी करा असं मी म्हणत नाही. पण पंचेचाळिशीपुढचा माणूस रक्ताची तक्रार घेऊन आला, किंवा घरात कुणाला हा रोग झालेला असला, तर त्याला मलम देऊन वाटेला लावू नका. शौचातलं लपलेलं रक्त तपासणारी स्वस्त चाचणी आहे. ती तालुक्याच्या ठिकाणी मिळाली पाहिजे. रक्त डोळ्याला दिसत असेल तर मात्र थेट दुर्बीणच. पुढच्या शिबिराचा बॅनर लावणाऱ्यांनो, हे मागा.

आणि एक, जाड्या पोराला 'ढोल्या' म्हणून हिणवायचं बंद करा. हिणवून कुणी बारीक होत नाही, तो लपून खातो आणि दवाखान्याला लाजतो. आण्णाही लाजलेच होते.

आज रात्री जेवायच्या आधी शिवणकामाचा टेप काढा. बेंबीच्या रेषेत, पोट आत न ओढता मोजा. आणि घरात कुणाचं वजन काही न करता उतरत असेल तर "झकास" म्हणू नका. हात धरून डॉक्टरकडं न्या.

आम्ही नेलं नाही.