आमिष नेमके कशाला म्हणायचे?

घाटकोपरला आम्ही मुलांसाठी मोफत अभ्यासिका चालवतो. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, रविवारी बुद्धवंदना होते. परवा एका मातंग वडिलांनी विचारले, "दादा, पोरगा इथे शिकून उद्या बौद्ध झाला, तर तुम्ही आमिष दाखवलं म्हणतील का?" आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही.

'आमिष' हा शब्द कायद्याला नवा नाही. 2024 पर्यंत लागू असलेल्या 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 24 नुसार आमिषाने किंवा धमकीने घेतलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नसे. पण तिथे कसोट्या कडक होत्या. आमिष दाखवणारा अधिकारपदावरचा लागे, त्याचा आरोपाशी संबंध लागे, आणि फायदा ऐहिक लागे. म्हणजे हा शब्द दुबळ्याला सत्तेपासून वाचवण्यासाठी आला.

धर्मांतरविरोधी कायद्यांत तो उलटा फिरला. ओरिसाच्या 1967 च्या कायद्यात कोणतीही भेट, 'आर्थिक किंवा अन्य' कोणताही लाभ म्हणजे आमिष. ही व्याख्या फार मोघम आहे, असे ओरिसा उच्च न्यायालयाने 1972 मध्ये म्हटले. 1977 च्या स्टेनिस्लॉस निकालात सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. उत्तर प्रदेशच्या 2021 च्या कायद्यात तर धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतले मोफत शिक्षण आणि 'चांगले जीवनमान' हेही आमिषच! (मग आमची अख्खी चळवळच आमिष ठरेल.) त्याच कायद्यात लगेच आधीच्या धर्मात परतणे मात्र धर्मांतर मानले जात नाही.

आता उलट बाजू पाहा. 1956 साली नागपुरात दीक्षा घेणाऱ्यांना काय मिळाले? अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती गेल्या, त्या 1990 पर्यंत परत आल्या नाहीत. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे दलित ख्रिश्चन आणि दलित मुस्लिमांना त्या आजही नाहीत. एका धर्मात राहा, लाभ घ्या. दुसरीकडे जा, लाभ सोडा. शिक्षण, नोकरी, राखीव मतदारसंघ हे 'लाभ' नाहीत तर काय? ओरिसाची व्याख्या या आदेशाला लावली, तर आमिष कोण दाखवते आहे?

महाराष्ट्र सरकारनेही फेब्रुवारी 2025 मध्ये अशा कायद्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. म्हणून आमचे म्हणणे असे : हा शब्द वापरायचाच असेल, तर कलम 24 च्या कसोट्यांसह वापरा. आमिष दाखवणाऱ्याची त्या माणसावर सत्ता होती का आणि लाभाच्या बदल्यात धर्म मागितला का, हे फिर्यादीने सिद्ध करावे.

त्या वडिलांना आम्ही एवढेच सांगितले की अभ्यासिकेत यायला कुणाला धर्म विचारत नाही. मुलगा दुसऱ्या दिवशी आला.