यंत्राचे माहेर

जुन्या काळी सासुरवाशीण आजारी पडली की तिला माहेरी धाडीत. औषधपाणी तिकडे होई, आणि परत यायला उशीर झालाच तर सासरच्यांनी मुकाट्याने वाट पाहायची. माणसांतली ही रीत आता मागे पडली. पण यंत्रांनी ती उचलली आहे. हल्लीचे यंत्र बिघडले की ते गल्लीतल्या कारागिराकडे जात नाही. ते कंपनीकडे, म्हणजे आपल्या माहेरी जाते, आणि माहेरची माणसे बोलतील ते आपण खाली मान घालून ऐकायचे असते. यंदा आमच्या घरातले एक यंत्र असेच माहेरी जाऊन आले. त्याची ही हकीकत.

गेल्या वर्षी सहामाहीत पहिल्या पाचांत नंबर आला तर दिवाळीला खेळाचे यंत्र घेऊन देईन, असा शब्द मी चिरंजीवांना देऊन बसलो. नंबर यायचा नाही याची मला खात्री होती. तो चौथा आला. मी पडलो महाविद्यालयातला कारकून. शब्द पाळला तेव्हा पगाराला चांगलेच भगदाड पडले. आई म्हणाली, "एवढ्यात वर्षाचे गहू आणि तूर भरून झाली असती, आणि तू हा डबा घेऊन आलास!" तेव्हापासून आमच्या घरात त्या यंत्राचे नाव 'डबा' असेच पडले. कंपनीचे नाव लिहीत नाही. जी गोष्ट सांगायची आहे ती एका कंपनीपुरती नाही.

खेळाचे यंत्र मला नवे नव्हते. १९९० च्या दशकात आम्ही पोरे ज्या यंत्रावर खेळलो ते जपानी यंत्राची हुबेहूब नक्कल होती. मूळ यंत्र निन्टेंडो या कंपनीने १९८३ साली जपानात आणले. ही कंपनी १८८९ साली क्योटोत पत्ते विकण्यासाठी निघाली होती, हे कळले तेव्हा आमच्या आईला ती एकदम ओळखीची वाटू लागली. आमच्या नकलेच्या खोक्यावर ना धड कंपनीचे नाव होते, ना हमीचा कागद. कॅसेटवर मात्र लाखो खेळ असल्याचे छापलेले असे, आणि लावून पाहावे तर तेच दहा-पंधरा खेळ फिरून फिरून येत. पडद्यावर मुंग्या आल्या की कॅसेट काढायची, फुंकर मारायची आणि परत बसवायची. तोंडातल्या वाफेने तिचे दात गंजतात, फुंकर मारू नका, असे खुद्द निन्टेंडोनेच पुढे सांगितले. पण आम्हांला सांगणारे कोण होते? फुंकरीनेही भागले नाही तर राजापेठेतला रेडिओवाला डाग देऊन द्यायचा. ते यंत्र पोरके होते, म्हणून सगळ्या गावाचे होते. आताचे यंत्र श्रीमंत माहेरचे. त्याच्या पोटाखाली एक चिकटपट्टी होती आणि तिच्यावर लिहिले होते की, ही काढल्यास हमी रद्द.

मे महिन्यात आम्ही अकोल्याला गेलो. अकोला हे हिचे माहेर. चिरंजीवांनी मामेभावांसाठी डबा बरोबर घेतला. अकोल्याचा मे महिना वऱ्हाडाबाहेरच्यांना सांगून कळायचा नाही. मे २०२४ मध्ये तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हासाठी जमावबंदीचे कलम लावले होते, एवढे सांगितले म्हणजे पुरे. दंग्याला लावायचे कलम उन्हाला लावावे लागले! बहुतेक खेळयंत्रांच्या पुस्तिकेत मात्र ५ ते ३५ अंशांच्या हवेत यंत्र चालवावे असे लिहिलेले असते. म्हणजे पुस्तिका लिहिणाऱ्याच्या मते अकोल्यात उन्हाळ्यात खेळूच नये. भर दुपारी डब्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागला, आणि तिसऱ्या दिवशी डबा गप्प झाला.

माझ्या मेहुण्याने एक कारागीर गाठून दिला. टिळक रोडच्या मागे, जेमतेम खाट मावेल एवढे दुकान. त्याने चिकटपट्टीला गरम हवा दिली आणि जखमेवरचा कापूस काढावा तशी ती अलगद उचलली. आत पंख्याच्या पात्यांवर धुळीचा आणि कापसाच्या तंतूंचा नमदा बसला होता. तो साफ झाला, पट्टी जागच्या जागी बसली, आणि डबा चालू लागला.

पुढे पावसाळ्यात, अमरावतीला, एका संध्याकाळी विजेचा खेळ झाला. दिवे एकदा लखलखले, एकदा मंदावले, आणि डबा जो विझला तो विझलाच. हमीची मुदत अजून तीन महिने शिल्लक होती. मी कंपनीला दूरध्वनी केला. एक दाबा, दोन दाबा, चार दाबा, असे करीत करीत अखेर एक गोड आवाज भेटला. त्याने संगणकावर एक अर्ज भरायला सांगितला आणि यंत्र नागपूरच्या केंद्रात जाईल असे कळवले.

अर्जात चौथा प्रश्न होता : हे यंत्र यापूर्वी अनधिकृत व्यक्तीने उघडले आहे काय? मी 'नाही'वर खूण केली आणि पाचव्या प्रश्नाकडे वळलो.

"बाबा, अकोल्याला उघडलं होतं ना?" मागून आवाज आला. चिरंजीव केव्हा येऊन उभे राहिले होते कोण जाणे.

"अरे, उघडलं म्हणजे काय! नुसती धूळ झटकली."

"मग तसं लिहा ना."

"तसं लिहिलं तर फुकट दुरुस्त व्हायचं नाही. आणि ती पट्टी बघ. कुणाला कळणार आहे?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मी चाचणीचा पेपर लपवला होता तेव्हा तुम्ही म्हणाला होता, कुणाला कळलं नाही म्हणून खोटं ते खरं होत नाही."

वाचकहो, आपलेच वाक्य आपल्या मुलाच्या तोंडून ऐकणे ही मोठी कठीण गोष्ट आहे. त्या पेपराच्या वेळी मी त्याला तासभर उभे करून हे व्याख्यान झोडले होते. तेव्हा खर्च काही आला नव्हता. आता येणार होता. डबा त्याचा होता; तो कायमचा गेला असता तर नुकसानही त्याचेच होते, आणि हे त्याला माझ्याइतकेच कळत होते. तरीही तो उभा होता. मी खूण 'नाही'वरून काढून 'होय'वर नेली.

डबा नागपूरला गेला. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत उरकून गिनेस बुकात विक्रम नोंदला गेला. साडेचार दिवसांच्या आत जिथे रस्ता झाला, त्याच मुलखातला आमचा डबा नागपूरला जाऊन यायला २४ दिवस लागले. आणि आला तोही दुरुस्त न होता. सोबत निरोप होता : यंत्र उघडलेले असल्यामुळे हमी लागू नाही, दुरुस्ती हवी असल्यास खर्च अमुक. तो अमुक नव्या यंत्राच्या जवळजवळ निम्मा होता. तपासणीचे आणि पाठवणीचे पैसे निराळे.

"म्हणजे माझ्या माहेरच्या माणसानं हात लावला म्हणून ते बाटलं की काय?" ही म्हणाली.

तिच्या प्रश्नात विनोद होता, पण खोल अर्थही होता. पंख्यावरची धूळ काढल्याने विजेच्या झटक्याने जळणारा भाग जळत नाही. मग एकाचा दोष दुसऱ्यावर का? त्या आठवड्यात मी आणि चिरंजीवांनी बसून बरीच माहिती गोळा केली. अमेरिकेत १९७५ पासून हमीचा एक कायदा आहे. त्याच्या आधारे तिथल्या संघीय व्यापार आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये मोटारी, मोबाइल, खेळयंत्रे अशा वस्तू विकणाऱ्या सहा मोठ्या कंपन्यांना बजावले, की 'पट्टी काढल्यास हमी रद्द' अशी अट घालता येत नाही. आपल्याकडे २०१४ साली स्पर्धा आयोगाने सुटे भाग बाहेर मिळू न देणाऱ्या १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी एक संकेतस्थळही उघडले.

माहेरची सगळीच माणसे वाईट असतात असेही नाही. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या यंत्राला २००५ नंतर एक रोग जडला होता. यंत्र तापे, निवे, पुन्हा तापे. त्या प्रसरण-आकुंचनाने आतले बारीक जोड तडकत आणि पुढच्या तोंडावर तांबडे दिवे लागत. जुलै २००७ मध्ये कंपनीने त्या दोषाची हमी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरांहून अधिक रक्कम बाजूला काढली. दोष आपला आहे असे कंपनीने एकदा म्हटले की केवढा फरक पडतो! आमच्या अर्जात आम्ही आमचे 'होय' लिहिले होते. समोरून तसे 'होय' आले नाही, एवढेच माझे दुःख.

तक्रार करण्यासाठी मुंबईला जावे लागते असे पुष्कळांना वाटते, मलाही वाटे. तसे नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेच तक्रार देता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची. आमचा अर्ज लिहून टेबलाच्या खणात ठेवला आहे. सोबत खरेदीची पावती, कंपनीचा निरोप आणि चौथ्या प्रश्नाच्या उत्तराची प्रतही. ते 'होय' आम्हांला आडवे येईल असे एका वकील मित्राचे म्हणणे पडले. चिरंजीवांचे म्हणणे उलट आहे. तेच आमचे सर्वांत भक्कम कागदपत्र, असे ते म्हणतात. बघू.

दिवाळीच्या खरेदीला म्हणून आम्ही अकोल्याला गेलो आणि डबा पुन्हा त्याच दुकानात नेला.

"या जावईबापू! काऊन, पुन्हा बिमार पडला का?" कारागिराने डबा उघडला, काटा लावून पाहिला आणि मान हलवली. "लाइन वरखाली झाली असंन तुमच्या इकडे. पावर सप्लाय गेला. बाकी मशीन ठणठणीत हाये. पार्ट काई कंपनी देत नाही आमाले, नकाशाही देत नाही. मेलेल्या मशीनचा काढून लावतो. चालला त चालला."

बोलता बोलता कंपनीची गोष्ट निघाली. त्याचे हात थांबले.

"मी उघडलं म्हणून तुमी सांगून देलं? सांगाचंच नोतं ना बाप्पा! मी पट्टी अशी चिपकवली होती का ब्रह्मदेवालेही समजलं नसतं!" मग चिरंजीवांकडे पाहून म्हणाला, "पोट्ट्या, तुहे बाबा लय साधे हायेत."

चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिले. ते काही बोलले नाहीत. मला वाचवण्याचा त्यांचा विचार दिसला. तेव्हा मात्र मला राहवले नाही.

"मी साधा नाही," मी म्हणालो. "मी 'नाही' लिहिलं होतं. यानं 'होय' लिहायला लावलं."

कारागीर काही वेळ नुसता डाग देत राहिला. शेवटी डब्याचा निळा दिवा लागला. आतले सगळे अर्धवट खेळ होते तिथेच होते. "पार्टचे सातशे द्या," तो म्हणाला. "मजुरी राहू द्या या खेपेले."

"पावती?" माझ्यातला कारकून जागा झाला.

"पावती कायची जी! मी इथंच हावो. बंद पडला त घेऊन या."

हीसुद्धा एक हमीच झाली. तिला पट्टी नाही, अर्ज नाही, चौथा प्रश्न नाही. पण उद्या याहून मोठा बिघाड झाला आणि मेलेले यंत्र सापडले नाही, तर हा गुणी माणूस काय करणार? कंपनीने त्याला भाग विकले आणि नकाशा दाखवला, तर तिचे काही बिघडणार नाही. उलट मुलखात चार माणसे तिचे नाव चांगले घेतील.

असो. डबा आता दिवाणखान्यात आहे. आई त्याच्यासमोरही एक पणती ठेवते. सातशे रुपयांत जगला म्हणून. काल झाडताना मी तो उलटा केला, तर पोटाखालची जुनी पट्टी नव्हती. तिच्या जागी वहीच्या कागदाचा तुकडा डिंकाने चिकटवलेला होता, आणि त्यावर चिरंजीवांच्या वळणदार अक्षरांत लिहिले होते :

'उघडले आहे. दोनदा. अकोला.'