देशप्रेमाची वसुली

शासनावर नाराज असलेल्या नागरिकाला देशभक्तीची सक्ती करता येते काय, हा प्रश्न एरवी संसदेच्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या संदर्भात चर्चिला जातो. परंतु तो तपासून पाहण्यास पनवेलजवळची खांदा कॉलनी अधिक सोयीची आहे, कारण तेथील नागरिकाची शासनाशी गाठ जमीन, पाणी आणि कर या तीन रोखठोक गोष्टींतून पडते. ही वसाहत सिडकोने, म्हणजे १९७० मध्ये स्थापन झालेल्या शहर व औद्योगिक विकास महामंडळाने, नवी मुंबईसाठी संपादित केलेल्या जमिनीवर वसवली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली, वसाहत तिच्या हद्दीत गेली, आणि पुढे रहिवाशांच्या हाती मालमत्ता कराची जी देयके पडली त्यांत आकारणी पूर्वलक्षी, म्हणजे मागील तारखेपासून, केलेली होती. त्या काळात सेवांचे शुल्क सिडकोला भरलेले असताना त्याच काळाचा कर पालिकेला पुन्हा का द्यावा, असा आक्षेप सिडको वसाहतींतील रहिवाशांनी घेतला. आंदोलने झाली आणि वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला.

याच वसाहतींमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये, ‘हर घर तिरंगा’ मोहिमेच्या वेळी, गॅलऱ्यांतून आणि गच्च्यांवर राष्ट्रध्वज लागले, आणि ते लावण्यासाठी कोणाच्याही दारावर नोटीस चिकटवावी लागली नाही. कराची गोष्ट निराळी आहे: तो थकला की शास्ती, म्हणजे विलंबाचा दंड, लागते आणि तरीही न भरल्यास जप्तीचा अधिकार पालिकेला असतो, पण त्या अधिकारात करदात्याने कर आनंदाने भरला पाहिजे अशी अट कोठेही नाही. शासनाला मिळते ती रक्कम. भावना त्या पावतीत येत नाही. सक्तीची मर्यादा इतकी साधी असूनही ती पुन्हा पुन्हा ओलांडली जाते, याचे कारण देश, राज्यसंस्था आणि सरकार या तीन वेगळ्या गोष्टी सत्ताधाऱ्यांना एकच वाटू लागतात. देश म्हणजे भूमी, माणसे आणि त्यांची सामायिक स्मृती. राज्यसंस्था म्हणजे संविधान, न्यायालये, प्रशासन व सैन्य यांची कायम टिकणारी व्यवस्था. आणि सरकार म्हणजे ती व्यवस्था ठरावीक मुदतीपुरती चालवणारी मंडळी, ज्यांना बदलता यावे म्हणूनच निवडणुका होतात.

वसाहतकाळात हा गोंधळ नव्हता, कारण तेथे मागणी उघड होती. १८७० मध्ये भारतीय दंडसंहितेत घातलेल्या १२४ अ या कलमाने सरकारविषयी अप्रीती निर्माण करणे हा गुन्हा ठरवला. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर ‘केसरी’तील मजकुरासाठी या कलमाखाली मुंबई उच्च न्यायालयात खटला चालला, तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला, म्हणजे न्यायनिवाड्यास बसलेल्या पंचांना, अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव असे समजावून सांगितले. या अर्थाने पाहता ज्याला सरकार आवडत नाही आणि जो तसे लिहितो तो गुन्हेगारच ठरतो. ज्यूरीतील सहा युरोपीय सदस्यांनी टिळकांना दोषी ठरवले, तीन भारतीय सदस्यांनी निर्दोष मानले, आणि शिक्षा अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची झाली. प्रीतीचा कायदा करणाऱ्या सरकारला तो लागू करताना ज्यूरीचे मतसुद्धा वंशाच्या रेषेवर दुभंगलेले दिसावे, यापेक्षा त्या कायद्याचे अपयश अधिक नेमके कसे नोंदले जाणार?

पनवेल तालुक्याला हा अनुभव त्याआधीच आलेला होता. तालुक्यातील शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. पुण्यात सरकारच्या लष्करी हिशेब खात्यात नोकरी करणारा हा मनुष्य १८७६-७७ च्या दुष्काळात लोकांचे हाल पाहून सरकारविरुद्ध सशस्त्र बंडाला उभा राहिला, १८७९ मध्ये पकडला गेला आणि जन्मठेप भोगताना १८८३ मध्ये एडन येथे मरण पावला. त्यांच्या मार्गाचे समर्थन आजच्या लोकशाहीत कोणी करणार नाही आणि करूही नये. पण सरकारी पगार नियमितपणे घेणाऱ्याची निष्ठासुद्धा पगाराने बांधली जात नाही, हे त्या काळच्या अधिकाऱ्यांना या प्रकरणाने शिकवायला हरकत नव्हती.

चिरनेरची घटना याहून गुंतागुंतीची आहे. उरण परिसरातील या गावाजवळ, अक्कादेवीच्या माळरानावर, २५ सप्टेंबर १९३० रोजी आगरी, कराडी, कातकरी अशा समाजांतील शेतकरी व श्रमिक जंगल सत्याग्रहासाठी जमले. जंगल सत्याग्रह म्हणजे सरकारने राखीव ठरवलेल्या वनात शिरून गवत किंवा लाकूड तोडायचे आणि वनकायदा जाणूनबुजून, उघडपणे मोडायचा. सरपणासाठी आणि चाऱ्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या रानात शिरणे अपराध ठरल्यामुळे या माणसांची नाराजी होती, आणि ती स्वराज्याच्या कल्पनेशी जोडली गेली ती नंतर. आधी चूल आणि गुरे, मग देश, असा तिचा प्रवास होता. पोलिसांनी गोळीबार केला, नाग्या कातकरी यांच्यासह आठ सत्याग्रही मृत्युमुखी पडले, आणि त्या दिवशीच्या मृतांमध्ये सरकारी कर्तव्यावर आलेले मामलेदार जोशी हेही होते. दरवर्षी २५ सप्टेंबरला चिरनेरच्या हुतात्मा स्मारकापाशी पोलीस दल बंदुकीच्या फैरी झाडून मानवंदना देते. ज्यांना त्या वेळच्या शासनाने दंगलखोर म्हटले त्यांना आजचे शासन राष्ट्रभक्त म्हणते. बदलले ते सरकार, माळरानावरच्या माणसांची कृती होती तीच राहिली.

स्वातंत्र्यानंतर स्वकीय सरकार आल्यामुळे हा प्रश्न मिटला, असे मानण्याचा मोह होतो, आणि एका अर्थाने तो समजण्यासारखाही आहे. केदारनाथ सिंह खटल्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने १२४ अ कलम कायम ठेवले, पण हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी असेल तरच गुन्हा, केवळ कडक टीकेत तो नाही, अशी त्याला मर्यादा घातली. मात्र आणीबाणीने उलट दिशा दाखवली. विरोधी नेते तुरुंगात आणि वृत्तपत्रे अभ्यवेक्षणाखाली, म्हणजे छपाईपूर्व सरकारी तपासणीखाली, असताना १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मूलभूत कर्तव्ये संविधानात आली. त्यांतील पहिलेच कर्तव्य संविधान, राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीत यांचा आदर करण्याचे आहे. कर्तव्य योग्यच, मुहूर्त मात्र विचित्र. नागरिकांनी मार्च १९७७ मध्ये ते सरकार मतपेटीतून हटवले, आणि पनवेलचा समावेश असलेल्या कुलाबा मतदारसंघाने शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील यांना लोकसभेत पाठवले. आदराची सक्ती झेललेल्या या मतदारांनी देश सोडला नाही की संविधान नाकारले नाही. त्यांनी संविधानाचाच वापर केला.

प्रतीकांच्या बाबतीत न्यायालयांनाही ठाम राहणे जमलेले नाही. १९८६ मध्ये केरळमधील तीन शाळकरी भावंडांच्या प्रकरणात, धार्मिक श्रद्धेमुळे राष्ट्रगीत न गाणाऱ्या पण आदराने उभे राहणाऱ्या मुलांना शाळेतून काढणे सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. तीस वर्षांनी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, त्याच सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहांत राष्ट्रगीत सक्तीचे केले आणि जानेवारी २०१८ मध्ये ते पुन्हा ऐच्छिक केले. महाराष्ट्रात २०२२ साली शासकीय कर्मचाऱ्यांनी दूरध्वनीवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावे अशी घोषणा झाली, आक्षेप आले, आणि शेवटी शासन निर्णयात सक्तीऐवजी आवाहन उरले. प्रश्न अभिवादनाचा नव्हताच. अर्ज निकाली निघत नसेल तर फोन कोणत्या शब्दाने उचलला गेला याने तक्रारदाराला काय फरक पडतो?

येथे एक आक्षेप घेता येईल आणि तो गंभीर आहे: प्रत्येक नाराज माणूस देशभक्त नसतो, आणि तक्रारीच्या आडून राज्यसंस्थाच मोडू पाहणारेही असतात. हे खरे आहे, आणि अशांसाठी कृतीला शिक्षा देणारे कायदे पुरेसे आहेत. पण उरण परिसरातील जासई गावाचा इतिहास सांगतो की शासनाने सरसकट संशय घेतला की नेमके चुकीचे लोक गोळीसमोर येतात. नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या ठाणे, पनवेल व उरण परिसरातील शेतकऱ्यांनी वाजवी मोबदला मागितला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासईजवळचा दास्तान फाटा आणि नवघर फाटा येथील गोळीबारांत पाच आंदोलक मारले गेले. आंदोलनाचे नेते दि. बा. पाटीलच होते. या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के योजना आली, म्हणजे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याची तरतूद. या शेतकऱ्यांना शहर नको होते असे नाही. त्यात वाटा हवा होता, आणि वाटा मागणे हे नाते असल्याचेच लक्षण आहे, कारण परक्याच्या घरात कोणी हिस्सा मागत नाही.

नवी मुंबई विमानतळाच्या नावाचा वाद याच मागणीचा पुढचा टप्पा आहे. विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव हवे असताना वेगळ्या नावाचा प्रस्ताव पुढे आल्यावर २४ जून २०२१ रोजी, पाटील यांच्या स्मृतिदिनी, भूमिपुत्रांचा मोठा मोर्चा सिडकोला घेराव घालण्यासाठी निघाला. ज्या राज्याच्या पोलिसांनी १९८४ मध्ये गोळ्या चालवल्या त्याच राज्याच्या मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नावाचा निर्णय घेतला. मात्र ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले तेव्हाही त्या नावाची अधिकृत घोषणा झालेली नव्हती, आणि आपल्या नेत्याचे नाव देशाच्या नकाशावर यावे म्हणून भूमिपुत्रांचा त्याच देशातील सरकारांकडे पाठपुरावा चालूच होता.