नाव कोणासाठीं?

गेल्या माघ महिन्यांत आम्ही सहकुटुंब अंदमानास गेलों होतों. पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासूनचें श्रीविजयपुरम्, येथें एकच दिवस हातीं उरला असतां कोणत्या नावेनें जावें यावर घरांत दोन तट पडले. नातवंडांस जॉली बॉय बेटाजवळील प्रवाळें हवीं होतीं. आम्हांस वायपर बेट. १८७२ सालीं व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांस ठार करणाऱ्या शेर अलीस तेथेंच फांशीं दिलें. जन्मभर इतिहास शिकविला असल्यानें आमचाच शब्द चालणार, अशी आमची खात्री होती.

सत्तरी उलटलेल्या आमच्या अक्कांस मात्र कोणीं विचारलेंच नव्हतें. धाकट्या सूनबाईंनीं विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "तुम्ही जा हो, मी खोलींत जप करीत बसेन."

आम्ही ओशाळलों. चौकशी करतां कळलें कीं, जॉली बॉयला धक्का नसल्यामुळें भर पाण्यांत लहान होडींत उतरावें लागतें. वायपरची फांशीची जागा टेकडीवर. रॉस बेट, म्हणजे २०१८ पासूनचें नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, मात्र बंदरासमोरच. तेथें धक्का आहे व विजेवर चालणाऱ्या गाड्याही आहेत. तेंच ठरलें.

१८५८ नंतर इंग्रजांचा अंदमानांतील कारभार या बेटावरूनच चाले. आज त्यांच्या प्रार्थनामंदिराच्या भिंती झाडांच्या मुळांनीं वेढल्या आहेत. नातवंडें हरणांमागें रमलीं. अक्का त्या भिंतींकडे पाहून म्हणाल्या, "राज्य गेलें, झाड राहिलें." आमचा तासाभराचा पाठ त्यांत आला.

तरी वाचकांनीं नाव ठरवितांना आधीं घरांतील सर्वांत थकलेल्या माणसास विचारावें, आणि मग नावाड्यास.