खालच्या मजल्यावरून ऐकलेला सबवूफर

दादा हे वाचणार आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. दादा, तुझा सल्ला मी मानला आणि वर्षभरानंतर मोडीत काढला. रागावू नकोस. तुझ्या न्यू जर्सीच्या घरात तळघर आहे, खाली फक्त माती आहे. माझ्या खाली आजी आहेत.

तर मंडळी, माझं मत पहिल्यांदाच मांडतो, म्हणजे ज्यांना भांडायचं आहे त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाने होम थिएटरसाठी एक मोठा सबवूफर घेऊ नये. तेवढ्याच पैशात बंद पेटीचे दोन छोटे घ्यावेत. आणि दुकानात जायच्या आधी खालच्या घरी जाऊन चहा पिऊन यावं.

हे '५.१' प्रकरण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पाच म्हणजे नेहमीचे स्पीकर, आणि 'पॉइंट वन' म्हणजे केवळ खालच्या, घुमणाऱ्या आवाजांसाठी राखून ठेवलेला चॅनल. तो जेमतेम १२० हर्ट्झपर्यंतच जातो, म्हणून त्याला पूर्ण एकाचा मान नाही. थिएटरात जमीन हादरवायची हौस त्याहून जुनी आहे. १९७४ साली 'अर्थक्वेक' नावाचा सिनेमा आला, त्यासाठी काही थिएटरांत मुद्दाम भलेमोठे स्पीकर लावून प्रेक्षकांच्या खुर्च्या थरथरवल्या होत्या. (अवांतर: आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीकडे मिरवणुकीतल्या त्या स्पीकरच्या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. ज्या रे डॉल्बींचं हे नाव, त्यांनी १९६५ साली कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी! नशीब एकेकाचं.)

आता माझी गोष्ट. मी दादाच्या सल्ल्याने बारा इंची, मागे हवेचं भोक असलेला, म्हणजे 'पोर्टेड' सबवूफर घेतला. टीव्हीच्या बाजूच्या कोपऱ्यात ठेवला, कारण जागा तिथेच होती. आमचा हॉल १४ बाय १० फुटांचा. मागे जेवायचं टेबल असल्यामुळे सोफा बरोब्बर मधोमध. पहिल्याच रात्री हौसेने युद्धाचा सिनेमा लावला आणि... काहीच नाही. स्फोट झाले की पडद्यावर धूर दिसायचा, पोटात काही यायचं नाही. मग मी मागचं बटण वाढवलं. पुढच्या आठवड्यात आणखी थोडं. असं करत करत ते बारा वाजून गेलेल्या काट्याच्या जागी जाऊन बसलं, तेव्हा कुठे जरा समाधान झालं.

तीन-चार महिन्यांनी लिफ्टमध्ये खालच्या वहिनी भेटल्या. हसतच म्हणाल्या, "भाऊजी, हल्ली रोज नऊ वाजले की आमची भांडी बोलायला लागतात." मीही हसलो. पण घरी येऊन मोबाइलवरचं डेसिबल मोजायचं ॲप उघडलं. आकडा चाळीसच्या घरात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. म्हणजे मी कायद्यात बसतो! बायकोला तो आकडा दाखवून मी छाती फुगवून हिंडलो. आज त्याची लाज वाटते.

कारण तो आकडा 'ए' मापाचा असतो. माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून हे माप खालच्या सुरांना मोजतानाच मोठी सूट देतं. ४० हर्ट्झला ती सूट जवळजवळ ३५ डेसिबलची. म्हणजे खोलीत ४० हर्ट्झचा आवाज खरोखर ८० डेसिबलचा असला तरी मीटर म्हणणार ४५. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर भोंगे असावेत, भिंतीतून येणारी धडधड नसावी. माझ्या मते सोसायट्यांच्या भांडणांत हे मीटर दाखवणं बंद व्हायला हवं. निदान जो दाखवतो त्याला मापाचं अक्षर विचारावं.

आजींचं हाड मोडून ऑपरेशन झालं होतं आणि त्या दोन महिने पलंगावर होत्या, हे मला माहीतच नव्हतं. एकाच जिन्याने आम्ही चढतो-उतरतो! भेटायला गेलो तेव्हा मुलाला वर सिनेमा लावून ठेवायला सांगितलं. त्यांचा पलंग आमच्या टीव्हीच्या कोपऱ्याच्या बरोबर खाली. आजी म्हणाल्या, "अरे ये, बस ना. तुझा सिनेमा आत्ता सुरू होईल बघ." त्यांच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती. मग ते सुरू झालं. संवाद नाही, गाणं नाही, गोळीचा आवाजसुद्धा नाही. फक्त ढुम. मध्ये शांतता. परत ढुम. उशाशी ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यावरचं झाकण प्रत्येक वेळी किणकिणत होतं. कधी येणार ते कळत नाही, का आलं ते कळत नाही. वर आम्हाला त्या ढुमच्या आधी विमान दिसतं, खाली नुसतं छत दिसतं. दहा मिनिटांत मला तिथून उठावंसं वाटलं. आजींना उठता येत नव्हतं.

मग रात्री बसून मुळापासून वाचलं. आवाज एका सेकंदात साधारण ११३० फूट जातो. ४० हर्ट्झची एक लाट म्हणजे २८ फूट लांब. माझ्या १४ फुटी हॉलमध्ये तिचा बरोबर अर्धा भाग मावतो, आणि अशी लाट दोन भिंतींमध्ये अडकून उभी राहते. भिंतींशी जोर सर्वांत जास्त, मधोमध जवळजवळ शून्य. आणि माझा सोफा कुठे? मधोमध! म्हणजे मी त्या खोलीतल्या सर्वांत मुक्या जागेवर बसून बटण वाढवत होतो, आणि तो सगळा वाढीव जोर कोपऱ्यात साठून आजींच्या पलंगावर उतरत होता. मला जो ऐकू येत नव्हता तो सबवूफर मी त्यांना ऐकवत होतो.

तुमच्या खोलीचं गणितही सोपं आहे. ११३० ला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा. माझ्याकडे लांबीचा ४० आणि रुंदीचा ५६ आला. छत साडेनऊ फुटांवर, त्याचाही साठच्या जवळपास, म्हणजे ते दोघे एकमेकांना धरून घुमतात. 'सगळी गाणी एकाच सुरात घुमतात' अशी तक्रार असते ना, ती बहुधा सबवूफरची नसतेच, खोलीची असते. शिवाय अमेरिकन घरांतल्या पातळ बोर्डाच्या भिंती खालचे सूर थोडे पितात, आपल्या विटा आणि काँक्रीट ते परत फेकतात. दादाचा आकार माझ्या खोलीला म्हणून लागू पडत नव्हता.

पहिला उपाय फुकटचा. सोफा अडीच फूट मागे सरकवला, टेबल भिंतीला लावलं. मग ती प्रसिद्ध रांगण्याची युक्ती: सबवूफर सोफ्यावर आपल्या जागी ठेवायचा, आणि आपण जमिनीवर रांगत हिंडून आवाज कुठे एकसारखा वाटतो ते शोधायचं. तिथे सबवूफर ठेवायचा. कामवाल्या मावशींनी मला गुडघ्यांवर बघितलं आणि काही न बोलता केर काढायचं टाळलं :)

पण एकाने भागेना. हरमन कंपनीतल्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये दाखवलं होतं की समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक असे दोन सबवूफर ठेवले की बहुतेक कटकट मिटते. कारण मला आवडलं: माझी ४० हर्ट्झची लाट एका टोकाला दाबते तेव्हा दुसऱ्या टोकाला ओढते, आणि दोन्ही टोकांना दोघे एकाच वेळी दाबत असले तर ती उभीच राहू शकत नाही. शिवाय दोघेही रुंदीच्या मध्यावर असल्याने ५६ लाही फारसं खतपाणी मिळत नाही. खऱ्या घरात दार असतं, पॅसेज असतो, त्यामुळे कागदाइतकं नीट होत नाही. पण माझ्याकडे इतकं झालं की जुना बारा इंची तळेगावच्या बंगलेवाल्या मित्राला देऊन मी आठ इंची, बंद पेटीचे दोन घेतले. बंद पेटीचा आवाज खाली हळूहळू उतरतो, पोर्टेडचा धाडकन पडतो. आणि छोटी खोली अगदी खालच्या सुरांना स्वतःच थोडा हात देते, म्हणून बंद पेटीचं तिथे बरं जमतं.

"पण २० हर्ट्झ जात नाही त्यात!" असं दादा म्हणणारच. नाही जात. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते. बास गिटारची सर्वांत जाड तार ४१. वीसच्या खाली-वर जे काही आहे ते म्हणजे डायनासोरचे पाय आणि इमारती पडणं. तेवढ्यासाठी शेजारच्यांच्या छताचा बळी द्यायचा का, हा प्रश्न ज्याने त्याने सोडवावा. मी सोडवलाय.

सेटिंगचं फार सांगत नाही. बाकीचे स्पीकर 'स्मॉल' करून ८० हर्ट्झला तोडा, दोन्ही सबवूफरचा फेज एकदा नीट जुळवा, रात्री 'नाइट मोड' लावा. खाली ठेवायच्या रबरी गाद्या मीही आणल्या. त्यांनी जमिनीतली थेट थरथर कमी होते, पण हवेतून स्लॅबमध्ये जाणारा खालचा सूर त्यांना जुमानत नाही. पूर्वीपेक्षा किती तरी खालच्या आवाजावर आता आम्हाला पुरतं, खरा फायदा तिथेच झाला. खालच्या सुरांचा स्वभावच असा की ऐकू येण्याच्या उंबरठ्यावर थोडेसे डेसिबल कमी केले तरी 'त्रास' आणि 'काहीच नाही' एवढा फरक पडतो.

परवा आजी काठी घेऊन लिफ्टपाशी भेटल्या. म्हटलं, आता येतो का आवाज? म्हणाल्या, "नाही रे. एकदाच, शनिवारी, पेल्याचं झाकण जरासं वाजलं. काय पडलं सिनेमात?"

पूल पडला होता. त्यांना गोष्ट सुरुवातीपासून सांगावी लागली, लिफ्ट दोनदा येऊन गेली.