सोऱ्या नव्हे, बॉस!

नाशिकमध्ये ‘प्रेस’ म्हटलं की डोळ्यांसमोर एकच गोष्ट येते, नोटा! १९२८ पासून करन्सी नोट प्रेस इथे आहे, त्यामुळे तो आपला हक्कच. पण गेल्या महिन्यात एका वेगळ्याच प्रेसनं आमच्या ग्रुपला कामाला लावलं.

जुन्या नाशकातला एका मैत्रिणीचा वाडा पाडायला निघालाय. माळा रिकामा करताना वीतभर लांबीचं एक बिडाचं यंत्र हाती लागलं. खाली टेबलाच्या कडेला आवळायचा स्क्रू, एका टोकाला गोल फिरवायचा दांडा, मध्ये आडवी खोबण, दुसऱ्या टोकाला पुढे ढकलायचा खटका. नाव नाही, नंबर नाही, शिक्का नाही. फोटो ग्रुपवर पडला आणि मग काय! कुणी म्हणे सोऱ्या, कुणी म्हणे पेन्सिलीला टोक काढायचं मशीन. ‘देवळालीच्या तोफखान्यातलं असणार’ हेही आलंच. आपल्याकडे ओळखू न येणारी प्रत्येक लोखंडी वस्तू देवळालीचीच असते! तेवढ्यात गंगापूर रोडवर कॅफे काढणाऱ्या मित्रानं पाच हजारांची ऑफर टाकली. भिंतीवर लावायला. व्हिंटेज लुक, यू नो.

नावच नसेल तर वस्तू ओळखायची कशी? फंडा साधा आहे. ती काय करते ते बघायचं. दांडा फिरवला की टोकाची पितळी वाटी फिरत होती. शेवया पाडायच्या तर वाटीला आरपार भोकं हवीत. इथे वाटी बंद, आत बारीक खुंट्या. म्हणजे खोबणीत काहीतरी आडवं ठेवायचं, खटक्यानं वाटीत ढकलायचं आणि फिरवून त्याची कड आत वळवायची. सातपूरहून व्हर्नियर उसना आणला. वाटीचं तोंड भरलं वीस मिलिमीटरच्या थोडंसं वर. बारा बोअरचं काडतूस! सोळा बोअरला हा आकडा एकोणिसाच्या आसपास येतो, वीस बोअरला अठराच्या आत.

(‘बारा’ कशाचे? एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, की त्यातल्या एकीचा जो व्यास तोच नळीचा. म्हणून बोअरचा आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक. ऑफिसच्या क्विझमध्ये वापरा.)

पूर्वी शिकारी लोक कागदी काडतुसं घरीच पुन्हा भरत. छर्ऱ्यांवर पुठ्ठ्याची चकती बसवली की कागदाची कड आत वळवायचं काम या यंत्राचं. शेफिल्डच्या जेम्स डिक्सन अँड सन्स आणि हॉक्स्ली या कंपन्या अशी अवजारं बनवायच्या, पण बिनशिक्क्याचा मालही भरपूर निघायचा. त्यामुळे नुसत्या आकारावरून नाव चिकटवू नका. विकणारे चिकटवतात, कारण नाव आलं की भाव चढतो. अमेरिकन प्रेस मात्र लगेच वेगळा कळतो. तो उभा असतो, वर पाऊण इंचाहून मोठं आट्यांचं भोक आणि बाजूला लांब दांडा. फ्रेड हंटिंग्टननं १९४३ मध्ये सुरू केलेल्या आरसीबीएसचे प्रेस त्याच जातीचे, पितळी काडतुसांसाठीचे.

एवढं डोकं चालवून आम्ही आजींकडे गेलो. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. ‘अगं, बार भरायचं यंत्र ते. मामंजी दांडा फिरवायचे आणि मी चकत्या द्यायची. पावसाळ्यात कागद फुगला की काडतूस नळीत अडकायचं, म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवायचे.’

आणि शिकार कुठे? ‘मध्यमेश्वरला. बदकं.’

मैत्रीण गप्पच झाली. ही मुलगी हिवाळ्यात दर रविवारी पहाटे दुर्बीण घेऊन नांदूर मध्यमेश्वरला जाते! तिथे १९८६ पासून अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं. आणि पणजोबा त्याच पाण्यावर. ‘तेव्हा सगळेच मारायचे गं,’ आजी म्हणाल्या. पुढे १९७२ चा वन्यजीव कायदा आला. बंदूक त्याआधीच घरातून गेली होती, यंत्र तेवढं माळ्यावर राहिलं.

आता खरी गोची. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येतच तो बनवायची यंत्रसामग्रीही धरलेली आहे. म्हणजे ही नुसती क्यूट जुनी वस्तू नाही, आणि कॅफेची भिंत तर विसराच. मित्राचा चेहरा पडला, पण काय करणार? शिवाय यंत्राच्या शेजारी एक पत्र्याची डबीही निघाली. आत तांब्याच्या टोप्या. ठिणगी पडते ती याच टोप्यांतून, आणि ठोका बसला की त्या उडतात. तुमच्या माळ्यावर असं काही सापडलं तर हलवून बघू नका, घासूनपुसून चकचकीत तर मुळीच करू नका. डबी आहे तिथेच ठेवायची आणि पोलिसांना बोलवायचं. आम्ही तेच केलं.

यंत्रासाठी मैत्रिणीचे बाबा अर्ज लिहायला बसले. काय सापडलं, कुठे, कुणाचं. वस्तूच्या नावाशी अडले. ‘रीलोडिंग प्रेस’ लिहू का, त्यांनी विचारलं. आजी आतून म्हणाल्या, ‘लिही ना सरळ. बार भरायचं यंत्र, नग एक.’