झाडावरची लोकर

हिंदुस्थानांत झाडांना लोकर येते व ती मेंढीच्या लोकरीहून सरस असते, असें हिरोडोटस नांवाच्या ग्रीक इतिहासकारानें सुमारें अडीच हजार वर्षांपूर्वीं लिहून ठेविलें. जर्मन भाषेंत कापसास अद्यापि याच अर्थाचा शब्द आहे. परभणी जिल्ह्यास खऱ्या लोकरीचाहि वारसा आहे. धनगरांच्या मेंढ्या, त्यांच्या लोकरीचीं काळीं घोंगडीं आणि त्यांस द्यावयाची चिंचोक्याची खळ जुन्या मंडळींस सांगावयास नकोत. परंतु या मुलखाचें नशीब फिरलें तें दुसऱ्या लोकरीमुळें.

हा मुलूख निजामाचा; इंग्रजांचें राज्य येथें प्रत्यक्ष कधींच नव्हतें. मग वसाहतीचा इतिहास तो कसला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर दरबारांत शोधूं नये, बाजारांत शोधावें. कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापायीं १८५३ त निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हातीं दिला. त्याच फौजेची एक छावणी हिंगोलीस होती. (हिंगोली पुढें परभणी जिल्ह्यांत मोडे, वेगळा जिल्हा झाला तो १९९९ त.) १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेंत यादवी माजली, लँकेशायरच्या गिरण्या कापसावांचून अडल्या, आणि मुंबईस भाव गगनास भिडला. वऱ्हाडाकडे आगगाडी सरकत होती. गोदातीराचा कापूस मात्र बैलांच्या खांद्यावर राहिला.

तो उतरला तो १९०० च्या सुमारास. सिकंदराबादेपासून मनमाडापर्यंतचा ३९१ मैलांचा गोदावरी-खोऱ्याचा लोहमार्ग तेव्हां पुरा झाला. आणि त्याच सुमारास, १८९९-१९०० त, भयंकर दुष्काळहि पडला. हा मार्ग चालविणारी कंपनी विलायतेंत नोंदलेली होती. संस्थानानें तिचा कारभार घेतला तो १९३० त.

आतां दोन गांवांचें दैव पाहा. सेलू रुळावर आलें. मानवत ही जुनी पेठ, ती रुळापासून कांहीं मैल दूर पडली. तिच्या नांवाचें स्टेशन झालें खरें, पण 'मानवत रोड' या नांवानें! मानवतकरांनीं गाड्या जुंपल्या व पेठ राखिली, हें त्यांचें कर्तृत्व.

मागोमाग जिन आणि प्रेस आले. घरोघर चरखीवर सरकी काढणाऱ्या बायांचें काम गेलें. ३९२ पौंडांची आवळलेली गांठ, अशा दोन गांठींची मुंबईची खंडी, हें नवें गणित रूढ झालें. मराठवाड्याचा पुष्कळसा कापूस मुंबईस 'उमरा' या वर्गांत पडे, म्हणजे वऱ्हाडच्या उमरावतीच्या नांवावर. पिकविणारा एक, नांव दुसऱ्याचें! घरांत हाली रुपया, मुंबईस कलदार; सात हालींस साधारणतः सहा कलदार. आणि भाव ठरावयाचा तो लिव्हरपूलच्या तारेवर.

शेतकरी केवळ नाडला गेला, असें मी म्हणणार नाहीं. त्याच्या हातीं रोकड आली, मुलें शाळेंत गेलीं, लग्नें थाटानें झालीं. पण जोंधळ्याचें पेव रितें राहूं लागलें आणि गायरानें आंखडलीं. मला तर वाटतें कीं झाडाच्या लोकरीनेंच मेंढीच्या लोकरीचें कुरण खाल्लें.

याहून मोठी हानि बियाण्याची. घरीं सरकी निघे तेव्हां कुणबी आपल्याच शेताचें बीं निवडून ठेवी. जिनमध्यें दहा गांवांचा कापूस एकत्र पडूं लागला, सरकीची भेसळ झाली, आणि लांब धाग्याच्या गावरानी कापसाचा कस उतरला. परभणीस १९१८ त सरकारी प्रयोगक्षेत्र निघालें. त्याच मुलखांत पुढें गावरानी वाण निवडून शुद्ध करण्याचें काम झालें. परभणीच्या महबूब बागेंतील कापूस-संशोधन केंद्रांत देशी वाणांवर आजहि काम चालतें. शिवारांत मात्र २००२ नंतर संकरित बीटी कापूस पसरला, आणि बीं दरसाल पिशवींतून विकत येतें.

सेलू-मानवतकडील कोणा वाचकाच्या माळ्यावरच्या दप्तरांत जिनच्या पावत्या, अडत्याच्या वह्या, मोडींतील अगर उर्दूंतील कर्जरोखे असतील, तर ते रद्दींत घालण्यापूर्वीं एकदां उलगडून पाहावेत. भावांचे आंकडे आणि तिथ्या तेवढ्या उतरून पाठविल्यास पुढील अंकीं त्यांवर लिहितां येईल.